फांदीच्या पोटातील नक्षी

मृग नक्षत्र लागण्यापूर्वीचे काही आठवडे शहरातील झाडांच्या छाटणीचे असतात. मुंबईपुण्याच्या रस्त्यांच्या कडेला त्या दिवसांत पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, बहावा, आंबा, चिंच यांच्या फांद्यांचे ढीग पडतात. पाला खताच्या खड्ड्यात जातो, मनगटाएवढी फांदी सरपणाच्या मोळीत जाते आणि बाकीचा माल गाडीत भरून शहराबाहेर नेला जातो. लाकडाच्या व्यवहारात या ढिगाला किंमत नाही. वखारीत घनफुटावर मोजला जातो तो बुंधा. फांदीची गणना जळणात होते. श्रावकाचारात सांगितलेल्या पंधरा कर्मादानांपैकी अंगारकर्म ज्यांना परिचित आहे, त्यांना या ढिगाचा शेवट कोठे होतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

फांदीकडे सुतार पाठ फिरवतो, यामागे केवळ तिची जाडी कमी असते एवढेच कारण नाही. बुंधा सरळ उभा असल्यामुळे त्याच्यावरचा भार चहूबाजूंनी सारखा असतो. फांदी आडवी वाढते आणि आपले वजन आयुष्यभर तोलून धरते. आंबा, चिंच यांसारख्या रुंद पानांच्या झाडांत फांदीच्या वरच्या अंगाला त्यासाठी ताण सोसणारे खास लाकूड तयार होते. देवदार, चीड यांसारख्या सूचिपर्णी झाडांत तेच खालच्या अंगाला, दाब सोसणारे असते. त्यामुळे फांदीचा मध्य मध्यावर राहत नाही. आतील भेंड एका बाजूला सरकते, वलये एकीकडे दाट आणि दुसरीकडे विरळ पडतात. अशा लाकडाची उभी फळी काढली तर ती वाळताना पिळवटते. दाराच्या चौकटीला किंवा टेबलाच्या पायाला असे लाकूड निरुपयोगी ठरते, यात सुताराचा दोष नाही. मात्र तीच फांदी आडवी कापली की दोष म्हणून नोंदलेली प्रत्येक गोष्ट नक्षी होऊन समोर येते. सरकलेला मध्य, अंडाकृती वलये, गडद गाभा आणि त्याभोवतीची फिकट कड असे चित्र कोणत्याही कारागिराला हाताने रेखाटून साधणार नाही.

ही गोष्ट सतराव्या शतकातील युरोपच्या कारागिरांनी ओळखली. इंग्लंडमध्ये 1660 साली राजसत्ता पुन्हा स्थापन झाल्यानंतर डच कारागिरीचा प्रभाव तेथील फर्निचरवर पडू लागला आणि 1689 मध्ये हॉलंडचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर आल्यावर तो आणखी वाढला. त्या तीस-चाळीस वर्षांत कपाटे, खणांच्या पेट्या, टेबलांचे पृष्ठभाग आणि आरशांच्या चौकटी यांवर फांद्यांच्या पातळ चकत्या जोडून बसवण्याची पद्धत बहरास आली. अक्रोड, ऑलिव्ह आणि लॅबर्नम ही त्यासाठीची आवडती झाडे होती. फांदी काटकोनात न कापता बहुधा तिरकी कापीत, म्हणजे गोल चकतीऐवजी लांबट चकती मिळे. अशा चकत्या शेजारी शेजारी बसवल्या की पृष्ठभाग उघडलेल्या शिंपल्यांनी मढवल्यासारखा दिसतो. म्हणूनच त्या कामाला ‘ऑयस्टर व्हेनीर’ हे नाव मिळाले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अशा वस्तू पाहावयास मिळतात. अठराव्या शतकाच्या आरंभी ही आवड ओसरली.

या कामातील लॅबर्नम विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. ते दक्षिण युरोपातील लहान चणीचे झाड असून त्याच्या बुंध्यातून मोठी फळी निघतच नाही. गाभा मात्र गडद तपकिरी आणि भोवतीची कड पिवळसर असल्यामुळे त्याची चकती दुरूनही उठून दिसते. या झाडाला पिवळ्या फुलांचे लोंबते घोस येतात. तसेच घोस पाहून इंग्रजांनी आपल्या बहाव्याला ‘इंडियन लॅबर्नम’ असे नाव दिले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोघे जवळचे भाऊबंद नाहीत. केवळ शिंबी कुळाचे नाते आहे. लाकडात मात्र विलक्षण साम्य आढळते. बहाव्याचा गाभा विटकरी तांबडा, कठीण व जड असतो, हवेत राहून तो अधिक गडद होतो आणि त्याच्याभोवती पांढरट लाकडाची रुंद कड असते. आयुर्वेदाने या झाडाच्या शेंगेतील मगज रेचक म्हणून कीर्तिवंत केला आणि उद्यानशास्त्राने त्याची फुले. लाकडाची चौकशी फारशी कोणी केली नाही. शहरातील छाटणीच्या ढिगात बहाव्याची फांदी आढळली तर ती वेगळी काढून ठेवावी, अशीच आहे.

इतर झाडेही या कामात मागे नाहीत. चिंचेचा गाभा जांभळट तपकिरी आणि आकाराने वेडावाकडा असतो, त्यामुळे तिच्या दोन चकत्या एकसारख्या निघत नाहीत. फणसाचे पिवळे लाकूड काही वर्षांत मधाच्या रंगावर आणि नंतर तपकिरीवर जाते. बाभळीचा गाभा तांबूस तपकिरी, पर्जन्यवृक्षाचा चॉकलेटी. डहाणू-घोलवडच्या बागांतील चिकूच्या छाटणीतून मिळणारे लालसर लाकूड इतके घट्ट असते की पॉलिश न करताही घासून त्याला झळाळी येते. आंबा त्या मानाने फिका. पण दोन गडद चकत्यांमध्ये डोळ्याला विसावा म्हणून तो हवाच. सागाच्या कोवळ्या फांदीत मात्र अर्थ नाही. तिचे भेंड मोठे आणि मऊ असते, गाभा नावालाच असतो. सागाच्या नावाला भुलून त्या फांद्या आणणाऱ्यांची निराशा ठरलेली आहे.

जैन समाजाला लाकडावरील कलाकाम नवे नाही. पाटण येथील सोळाव्या शतकाच्या अखेरच्या जैन मंदिराचा कोरीव सागवानी मंडप आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात उभा आहे आणि पाहणारा त्याखाली उभा राहून स्तब्ध होतो. पण ती परंपरा बुंध्यांची होती. घुमटाची एकेक तुळई म्हणजे एकेक पूर्ण वाढलेला वृक्ष होता, हे कौतुकाच्या भरात विसरता कामा नये. त्याच समाजाच्या अनेक मंदिरांच्या भिंतींवर आणखी एक चित्र असते. जांभळाच्या झाडाजवळ सहा भुकेले वाटसरू उभे आहेत. कृष्ण लेश्येचा मनुष्य झाड मुळापासून उपटू पाहतो, नील लेश्येचा बुंधा तोडू पाहतो, कापोत लेश्येचा मोठ्या फांद्या, पीत लेश्येचा डहाळ्या. पद्म लेश्येचा केवळ फळे तोडतो आणि शुक्ल लेश्येचा मनुष्य खाली पडलेली फळे वेचतो. फांद्यांच्या चकत्यांपासून पॅनेल करणारा या चित्रात कोठे उभा राहील? छाटून टाकलेली फांदी उचलणारा सहाव्या वाटसरूच्या जवळ आहे. चकत्या हव्यात म्हणून फांदी तोडणारा तिसऱ्या किंवा चौथ्याच्या जागी जातो. दोन्ही पॅनेले भिंतीवर सारखीच दिसतील.

हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. लग्नाच्या सजावटीसाठी, केक ठेवण्यासाठी, भिंतीवरील शोभेसाठी लाकडाच्या चकत्या आता पिशव्या भरून विकत मिळतात. त्या कोणत्या झाडाच्या, कोठल्या, छाटणीतील की खास तोडलेल्या, याचा उल्लेख पिशवीवर सहसा नसतो. एका वस्तूला बाजार मिळाला की तिचा पुरवठा टाकाऊ मालावर थांबत नाही, हा व्यापाराचा साधा नियम आहे. त्यामुळे तयार चकत्या विकत घेण्यापेक्षा आपल्या सोसायटीतील, मंदिराच्या आवारातील किंवा ओळखीच्या बागायतदाराकडील छाटणीची फांदी घेणे अधिक निर्धोक. जंगलात पडलेले लाकूड मात्र उचलू नये. तेथे ते टाकाऊ नसते. कित्येक जीवांचे ते घर आणि अन्न असते. शहरातील ढीग गाडीत जाणारच असतो, हा दोहोंतील फरक.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 अन्वये शहरी भागात परवानगीवाचून झाड तोडता येत नाही आणि ‘तोडणे’ या संज्ञेत जाळणे, कापणे किंवा झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही येते. मुंबईत खासगी आवारातील फांद्या छाटण्यासाठीही महापालिकेची परवानगी घ्यावी लागते. परवानगीने छाटणी झाली की त्याच दिवशी हव्या त्या फांद्या बाजूला काढाव्यात. साग, शिसव, चंदन यांच्या वाटेला हौशी माणसाने जाऊच नये, कारण त्यांच्या वाहतुकीवर वनखात्याचे नियम आहेत.

किती माल लागतो, याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. साल काढल्यावर आठ सेंटिमीटर व्यासाची फांदी धरली तर एका चकतीचे क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस सेंटिमीटर होते. दोन फूट बाय तीन फुटांच्या पॅनेलचे क्षेत्रफळ सुमारे 5570 चौरस सेंटिमीटर. चकत्या सरळ रांगांत मांडल्या तर 78 टक्के जागा भरते. मधमाशीच्या पोळ्यासारख्या, एका रांगेतील चकती दुसरीच्या खाचेत बसवली तर 90 टक्के भरते. म्हणजे सुमारे 100 चकत्या लागतात. चौथा हिस्सा वाळताना खराब होईल असे धरून 130 कापाव्यात. चकतीची जाडी सहा मिलिमीटर आणि करवतीच्या पात्यात जाणारा भुसा तीन मिलिमीटर, असे नऊ मिलिमीटर गुणिले 130, म्हणजे जेमतेम सव्वा मीटर लांबीची एक फांदी. वाळल्यावर तिचे वजन पाच किलोच्या आसपास भरेल. 

चौथा हिस्सा खराब धरण्याचे कारण वाळवणीत आहे. या कामात खरे कौशल्य येथेच लागते आणि बहुतेक हौशी माणसे येथेच कंटाळतात. लाकूड वाळताना लांबीच्या दिशेने जवळजवळ आक्रसत नाही. मध्यापासून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने ते काही टक्के आक्रसते. वलयांच्या, म्हणजे परिघाच्या दिशेने त्याच्या जवळजवळ दुप्पट. आता चकतीचा विचार करावा. परीघ आखूड होऊ पाहतो, पण त्रिज्या त्या प्रमाणात आखूड होत नाही. परीघ अपुरा पडतो आणि कोठे तरी फाटतो. चकतीत कडेपासून मध्यापर्यंत पडणारी पाचरीच्या आकाराची चीर ती हीच. हा लाकडाचा स्वभाव असल्याने ती पूर्णपणे टाळता येत नाही. कमी करता येते. ओली फांदी घरी येताच तिच्या दोन्ही तोंडांना मेण किंवा तैलरंग फासावा, म्हणजे पाणी तोंडाकडून झपाट्याने निघून जाणार नाही. फांद्या उन्हात न टाकता सावलीत, दोन थरांमध्ये पट्ट्या घालून वारा खेळेल अशा रचाव्यात. तिरकी कापलेली चकती सरळ चकतीपेक्षा कमी फाटते, हा जुन्या कारागिरांचा अनुभव येथे उपयोगी पडतो. पंचेचाळीस अंशात कापल्यास आठ सेंटिमीटरच्या फांदीतून सव्वा अकरा सेंटिमीटर लांबीची चकतीही मिळते. ज्यांना ठोकळा वाळेपर्यंत थांबवत नाही त्यांनी ओल्या फांदीच्याच पातळ चकत्या कापाव्यात आणि त्या कागदाच्या घड्यांमध्ये ठेवून वर हलके वजन द्यावे. कागद रोज बदलावा लागतो.

वाळली की नाही हे हाताला कळत नाही, वजनाला कळते. पाच-सहा चकत्यांवर पेन्सिलीने क्रमांक घालून दर आठवड्याला स्वयंपाकघरातील काट्यावर त्यांचे वजन वहीत मांडावे. सलग तीन आठवडे आकडा बदलला नाही, की चकती तेथील हवेपुरती वाळली. ‘तेथील हवेपुरती’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रत्नागिरीत श्रावणात वाळलेली चकती मे महिन्यात नागपुरास गेली तर पुन्हा आक्रसते. म्हणून पॅनेल ज्या गावी लावायचे, त्या गावच्या हवेत चकत्या काही आठवडे राहू द्याव्यात.

पावसाळ्यात वाळवण घालणे कोकणपट्टीत अवघड असते. ओल्या लाकडावर बुरशी धरते, काळे-निळे डाग पडतात आणि सालीखाली किडा शिरतो. जैन घरात हा भाग सौंदर्यापुरता उरत नाही. वनस्पतिकाय जीवाचा प्रश्न छाटणीच्या वेळीच मागे पडलेला असतो; पुढे त्या लाकडात त्रस जीव उत्पन्न होऊ द्यायचे आणि मग औषध फवारून मारायचे, हे कोणत्याही विचारी गृहस्थाला रुचणार नाही. यावर उपाय घरच्या कोठाराकडून शिकता येतो. गव्हाला पाऊस सुरू होण्यापूर्वी एरंडेल चोळले जाते, धान्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घातला जातो, तो किडे मारण्यासाठी नव्हे, त्यांनी तेथे येऊच नये म्हणून. लाकडाचेही तसेच आहे. भुंगेरे सालीखाली अंडी घालतात, म्हणून साल त्याच दिवशी, फांदी ओली असतानाच सोलावी. तेव्हा ती सहज निघते. पिठासारखा भुसा पाडणाऱ्या किड्यांना कडेच्या फिक्या लाकडातील पिष्ट हवे असते, आणि ते लाकडाच्या उघड्या छिद्रांत अंडी घालतात. लवकर वाळलेल्या आणि तेल पाजून छिद्रे बुजवलेल्या चकतीत त्यांना जागा मिळत नाही. बहाव्याची कड रुंद असल्यामुळे त्याच्या बाबतीत ही दक्षता अधिक घ्यावी. टाकणखार आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात लाकूड बुडवण्याची पद्धत प्रचलित आहे. ती परिणामकारकही आहे, परंतु लाकूड खाणाऱ्या जीवाला ते विषच असते, हे जाणून मगच निर्णय घ्यावा. आणि फांदीत आधीच भोके पडलेली असतील, भुसा गळत असेल, तर ती फांदी आपली नव्हे. ती झाडाखाली परत ठेवावी.

कापण्याच्या कामात एक धोका आहे. गोल फांदी यंत्राच्या पात्याखाली गरकन फिरते आणि हात ओढला जातो. इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असलेला लाकडी ओंडका करून त्यात फांदी पक्की बसवल्याशिवाय पाते चालवू नये. यंत्र नसेल तर बारीक दात्यांची हातकरवत पुरते. वेळ जातो, पण चकतीचा पृष्ठभाग स्वच्छ येतो. नाकातोंडावर फडके बांधणे आवश्यक आहे.

जुन्या युरोपीय कामात चकत्या चिकटवण्यासाठी सरस वापरीत. सरस म्हणजे जनावरांची कातडी व हाडे उकळून केलेला चीक. आपल्याकडेही सुतार तो वापरीत आणि दुकानात सरसाचे भांडे चुलीवर ठेवलेले असे. 1959 साली फेव्हिकॉल बाजारात आला आणि ते भांडे हळूहळू चुलीवरून उतरले. सुतारांनी तो सोयीसाठी स्वीकारला. अहिंसक घरांना त्याने नकळत मोठी सवलत दिली. जुनी वस्तू दुरुस्तीला काढणाऱ्याने मात्र तिच्या सांध्यात सरस असणार हे गृहीत धरावे. चकतीची आडवी कापलेली बाजू स्पंजासारखा गोंद पिते. त्यामुळे आधी पाणी घालून पातळ केलेला एक हात द्यावा, तो मुरू द्यावा, आणि मग घट्ट गोंदाने चकती बारा किंवा अठरा मिलिमीटरच्या प्लायवुडवर बसवावी. दोन चकत्यांमध्ये कागदाच्या जाडीइतकी फट ठेवणे इष्ट, कारण ऋतूनुसार प्रत्येक चकती स्वतंत्रपणे फुगणार आणि आक्रसणार. रंगसंगतीचे नियम सांगण्यात अर्थ नाही. गोंद लावण्यापूर्वी सर्व चकत्या जमिनीवर मांडून दोन दिवस येता-जाता पाहाव्यात. चुकीच्या जागची चकती आपोआप खटकू लागते. उरलेल्या तीन कोनी फटी त्याच लाकडाच्या भुशात गोंद कालवून भराव्यात, किंवा बारीक डहाळीच्या टिकल्या त्यांत बसवाव्यात. टिकल्यांचे काम अधिक देखणे होते. चीर पडलेल्या चकत्याही टाकू नयेत. त्या चिरेवरच दुभंगून अर्ध्या चकत्या कडेच्या रांगेला लावता येतात, कारण तेथे अर्ध्याच चकत्या हव्या असतात.

घासण्याचे काम कष्टाचे असते. आडव्या कापाचे लाकूड चिवट असते. 80 क्रमांकाच्या पॉलिश पेपरने आरंभ करून 120 आणि 220 पर्यंत जावे लागते आणि मधला क्रमांक गाळला तर ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात.

शेवटचा हात कशाचा द्यावा, हा प्रश्न पुन्हा श्रावकाचाराशी येऊन भिडतो. पारंपरिक पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. लाख हा किड्यांचा स्राव असून तो गोळा करताना असंख्य जीव नष्ट होतात. लाक्षावाणिज्य कर्मादानांत गणले आहे ते उगाच नव्हे. मधमाशांच्या मेणाविषयीही हाच आक्षेप राहतो. जवसाचे तेल हा त्याला सरळ पर्याय आहे. उकळलेल्या जवस तेलाचा पातळ हात फडक्याने चोळावा, अर्ध्या तासाने वरचे तेल पुसून घ्यावे आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने असे चार हात द्यावेत. चकाकी हवीच असेल तर वर ब्राझीलमधील ताडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण चोळावे. तेही वनस्पतिजन्य आहे. जवस तेलाने भिजलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि गुंडाळलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

तयार पॅनेलवर थेट ऊन पडू देऊ नये, लाकडाचा रंग उडतो. बाहेरच्या बाजूने पाऊस झेलणारी भिंत त्याला चालत नाही; मागच्या बाजूस ओल धरली की सर्व श्रम वाया जातात. आतल्या भिंतीवरही ते टेकवून लावण्याऐवजी मागे पाऊण इंच जाडीच्या दोन उभ्या पट्ट्या मारून लावावे, म्हणजे मधून हवा खेळती राहते आणि दर चातुर्मासाआधी ते उतरवून मागून पुसून घेता येते.